बांधावरचा तित्तिर कोंबडीचाच भाऊबंद

वैशाख सरत आला होता. पाटोदा तालुक्यातल्या एका डोंगरकडेच्या गावी मी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. नमुने पिशवीत भरून चिठ्ठी लिहीत होतो, तेवढ्यात बांधावरून आबांनी हाक मारली. "साहेब, जरा इकडं या. पाय जपून टाका."

घायपाताच्या बुडाशी, वाळलेल्या कुसळीच्या आड, ओंजळीएवढा खळगा. त्यात सात अंडी. फिक्या दुधी रंगाची, ठिपका ना डाग. कोंबडीच्या अंड्याच्या निम्म्याहून लहान. आबांच्या हातात काडेपेटी होती. खरिपाच्या तयारीला बांध पेटवायचा होता, आणि गवत खुरप्याने सारताना ही तित्तिराची घरटी दिसली.

आबा म्हणाले, "आमची लाल कोंबडी खुडूक बसलीय. तिच्याखाली ठिवतो ही. नाहीतर जळून जातील. कोंबडीचीच जात हाय न्हवं ही?"

आबांचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर काही बांधावर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. "जात कोंबडीचीच, पण अंड्याला हात लावू नका," एवढेच तेव्हा सांगितले. बाकीचे आज लिहितो, कारण हाच प्रश्न मला बऱ्याच गावांत विचारला गेला आहे. कधी तित्तिराबद्दल, कधी लाव्याबद्दल, कधी मोराच्या अंड्यांबद्दल.

एकच घराणे

कोंबडी, तित्तिर, लावा, मोर, रानकोंबडा, टर्की, चिनी मुर्गी म्हणून लोक पाळतात ती गिनी फाउल, हे सगळे पक्षी एका कुळीचे आहेत. जगभरात या कुळीच्या जवळजवळ तीनशे जाती आहेत. इंग्रज साहेब लोक यातल्या बऱ्याच पक्ष्यांना 'गेम बर्ड' म्हणजे शिकारीचे पक्षी म्हणत. त्यांना बंदूक दिसत होती, आपण पाय बघू.

पुढे तीन बोटे, मागे एक, नखे बोथट आणि जाड. हा पाय फांदी धरायला नाही, माती उकरायला घडलेला आहे. तुमची कोंबडी उकिरड्यावर दोन पाय मागे मारून एक पाऊल मागे सरते आणि मग चोच घालते. तित्तिर तुरीच्या धसकटात अगदी तेच करतो. मोरही तेच करतो, फक्त त्याची माती जरा लांब उडते. नराच्या पायाला मागे काटा असतो, तो भांडणासाठी. पंख आखूड आणि गोल. त्यामुळे बहुतेकांना लांबचा प्रवास जमत नाही, पण पायाखालून भुर्रकन उडून शंभर-दोनशे फुटांवर पुन्हा गवतात शिरणे चांगले जमते. छातीचे मांस जाड का, तर या एका झेपेसाठी. तेच मांस या पक्ष्यांच्या मुळावर आले आहे.

दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो, मग पेठ्यात जातो. कोंबडी कापल्यावर कलेजीबरोबर जो टणक पेठा निघतो त्यात खडे सापडतात, ते आजारपण नव्हे. ते तिचे जाते आहे. दात नाहीत म्हणून खडे गिळायचे आणि त्यावर दाणा भरडायचा. तित्तिराच्या पोटातही असेच खडे असतात.

आणि पिल्ले. चिमणीचे, कावळ्याचे पिल्लू उघडे, आंधळे, तोंड वासून पडलेले. या कुळीचे पिल्लू अंड्यातून निघते ते डोळे उघडे, अंगावर लव, आणि अंग सुकले की आईमागे चालू लागते. म्हणूनच कोंबडीचे पिल्लू ब्रूडरमध्ये आईशिवाय वाढू शकते. सगळा पोल्ट्रीचा धंदा या एका गुणावर उभा आहे. चिमणीची पोल्ट्री कुणी काढू शकणार नाही.

या घराण्यातला एक दूरचा नातेवाईक तर आम्हा शेतकी खात्यातल्या लोकांना फार जवळचा वाटावा. निकोबार बेटांवर मेगापोड नावाचा पक्षी आहे. तो अंड्यांवर बसतच नाही. समुद्रकाठच्या वाळूत पालापाचोळा मिसळून मोठा ढीग करतो, त्यात अंडी पुरतो आणि पाला कुजताना जी ऊब येते तिच्यावर पिल्ले बाहेर येतात. म्हणजे आपला कंपोस्टचा खड्डाच. पिल्लू ढीग उकरून स्वतःच वर येते आणि आईबापाला न विचारता रानात निघून जाते. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे असे कितीतरी ढीग वाहून गेले.

पिवळ्या पायाची गोष्ट

आता कोंबडीकडे वळू. रानातला तांबडा कोंबडा हा गावठी कोंबडीचा पूर्वज, हे डार्विनने १८६८ साली लिहिले आणि ते बरोबर होते. २०२० साली शेकडो कोंबड्यांच्या आणि रानकोंबड्यांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यावरून थायलंड, म्यानमार आणि चीनचा नैऋत्य भाग, या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबडीपासून आपली कोंबडी आली असे दिसते. थायलंडमध्ये उत्खननात मिळालेली कोंबडीची जुनी हाडे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची आहेत, हे २०२२ साली छापून आले. भात आणि भरडधान्याची खळी झाली, दाणा सांडू लागला, तसा रानकोंबडा माणसाच्या दारात आला, असा जाणकारांचा कयास आहे. मला तो पटतो. आजही खळे पडले की तित्तिर कुठून येतात ते बघा.

पण एक गोष्ट राहत होती. तांबड्या रानकोंबड्याचे पाय शिसवी, कातडी पांढरी. मग आपल्या कितीतरी कोंबड्यांचे पाय पिवळेधमक कसे? ब्रॉयलरची कातडी पिवळी कशी? याचा उलगडा २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी केला. पिवळ्या कातडीचा गुण तांबड्याकडून आलेला नाही. तो आला आहे राखी रानकोंबड्याकडून. आणि राखी रानकोंबडा भारताबाहेर कुठेच नाही. आपल्या सह्याद्रीत, सातपुड्यात, दक्षिणेच्या जंगलात तो आहे. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या भागात पहाटे आरवतो. त्याचे आरवणे गावातल्या कोंबड्यासारखे लांब नसते, तुटक असते. तांबडी रानकोंबडी आपल्या राज्यात पाहायची तर पूर्व विदर्भात, गडचिरोली-गोंदियाकडे जावे लागते.

म्हणजे कधीतरी, कुठेतरी, गावातल्या कोंबडीवर रानातला राखी कोंबडा आला आणि तो पिवळा पाय पुढे जगभर गेला. परदेशातल्या हॉटेलात प्लेटमध्ये जी कोंबडी येते तिच्या कातडीत दख्खनच्या रानाचा वाटा आहे. या राखी कोंबड्याच्या मानेवरची पिसे मेणाचा थेंब पडल्यासारखी चमकतात. गळाने मासे धरण्याचा शौक असणाऱ्या साहेबांना गळावर लावायला ती हवी असत, म्हणून एके काळी त्यांचा मोठा व्यापार होता. पिसांसाठी पक्षी मारले गेले.

शिकारीने काय होते त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. मसुरी आणि नैनीतालच्या डोंगरात एक लावा होता, हिमालयी लावा. १८७६ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. त्या काळी केंद्राच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव होते ॲलन ह्यूम. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. पक्ष्यांचा माणूस. मार्शल नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड लिहिले. शेतीचा सचिव तित्तिर-लाव्यांचा एवढा अभ्यास करतो हे वाचल्यावर मला, खरे सांगतो, आपल्या दौरा डायरीची जरा लाज वाटली.

नावाने तित्तिर, नात्याने नाही

माळावर भट तित्तिर म्हणून जो पक्षी ओळखतात, ज्याला आपण पखुर्डी म्हणतो, तो तित्तिर नाही. ना कोंबडीच्या कुळीचा, ना मोराच्या. पखुर्ड्या सकाळी ठरल्या वेळी थव्याने पाण्यावर येतात आणि नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांना नेऊन पाजतो. कोंबडा असले काही करील का?

तसाच एक बारका लावा. ज्वारीच्या शेतात पायाखालून उडतो. धरून पाहिला तर (धरू नये, पण लोक धरतात) त्याच्या पायाला मागचे बोट नसते, तीनच बोटे असतात. तिथेच ओळखावे की हा खरा लावा नव्हे. याच्यात मादी मोठी आणि रंगदार, ती नरासाठी भांडते, आणि अंड्यांवर नर बसतो. पक्षीशास्त्रवाले त्याला टिटवीच्या गोतात धरतात. माळढोक आणि तणमोर यांचेही मोराशी नाते नाही, नावात मोर असला तरी. आणि कुंभारकावळ्याला, म्हणजे भारद्वाजाला, इंग्रज 'कावळा-फेझंट' म्हणत. तो तर कोकिळेचा नातेवाईक. साहेब लोकही नावे ठेवताना चुकतातच.

हॉटेलात मिळणारा बटेर कुठला, हे पुष्कळ जण विचारतात. तो जपानी लावा. १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून तो आपल्या देशात आणला आणि इज्जतनगरच्या केंद्रीय संस्थेने त्याच्या पैदाशी तयार केल्या. सतरा-अठरा दिवसांत अंडे फुटते, सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते. धंदा म्हणून तो वेगळा विषय आहे. इथे एवढेच सांगतो की पिंजऱ्यातला जपानी लावा आणि रानातून जाळ्याने धरलेला लावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवडी बाजारात टोपलीखाली झाकून जो 'लावा घ्या लावा' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा दुसरा असतो. विकणाराही गुन्हेगार आणि घेणाराही.

बांध, काडेपेटी आणि माझी चूक

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका गावात कापसाच्या पिठ्या ढेकणावर सभा घेतली होती. पिठ्या ढेकूण बांधावरच्या गाजरगवतावर, पेठारीवर, रानभेंडीवर तग धरतो आणि तिथून कापसावर उतरतो. हे खरे आहे. मी फळ्यावर लिहिले, 'बांध स्वच्छ ठेवा'. कुणीतरी विचारले, "पेटवले तर चालेल का?" मी म्हणालो, "चालेल की." पुढची सभा गाठायची होती.

आठवड्याने गेलो तेव्हा त्या शिवारातला बांध न् बांध काळा झाला होता. एका बांधावर राखेत आठ अंडी होती. भाजून तडकलेली. शेजारी थोडी पिसे. तित्तिराची मादी अंड्यांवर शेवटपर्यंत बसून राहते, अगदी पाय पडेपर्यंत उठत नाही. तिचा सगळा भरवसा अंगाच्या मातकट रंगावर. माणसाच्या, कोल्ह्याच्या, मुंगसाच्या बाबतीत तो भरवसा कामाला येतो. आगीला रंग कळत नाही.

कुणी मला बोल लावला नाही. शेतकऱ्यांनी साहेबाने सांगितले तसे केले होते. पण तेव्हापासून मी 'बांध स्वच्छ ठेवा' असे फळ्यावर लिहीत नाही. काय काढायचे आणि काय ठेवायचे ते नाव घेऊन सांगतो. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटा. पेठारी, रानभेंडी उपटा. कुसळी, पवना, मारवेल ही गवते राहू द्या, कापून जनावरांना घाला, मुळे बांध धरून ठेवतील. बोर, तरवड, घायपात ठेवा. पेटवायचे तर नकोच. बांध जाळला की गाजरगवताचे मातीतले बी काही मरत नाही, पहिल्या पावसाला तेच आधी उगवते, आणि बांधाची माती उघडी पडून वाहून जाते. मृद्संधारणाच्या नावाने आपण बांध घालतो आणि वैशाखात काडी लावतो.

तित्तिराचा विणीचा काळ मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे आपली बांध जाळायची वेळ आणि त्याची अंड्यांवर बसायची वेळ एकच. एका घरट्यात सहा ते आठ अंडी. पिल्ले निघाली की पूर्ण कुटुंब महिनोन् महिने त्याच शिवारात फिरते. त्यांचे खाणे काय? गवताचे बी, सांडलेला दाणा, आणि वाळवी, भुंगेरे, टोळ, अळ्या. पिल्लांना तर पहिल्या दिवसांत किडेच लागतात. वाळवीचे वारूळ फुटले की तित्तिर तिथून हलत नाही. एका तित्तिराने किती वाळवी खाल्ली याचा हिशोब मी मांडणार नाही, आणि तित्तिर आला म्हणजे कीड गेली असेही म्हणणार नाही. पण फुकट राबणाऱ्याला जाळण्यात कसला फायदा?

हुमणीचेही तेच. नांगर चालू असताना मागे गावठी कोंबड्या सोडणारे जुने लोक मी पाहिलेत. तासात पांढरी अळी उघडी पडली की कोंबडी उचलते. जिथे कोंबडी नाही तिथे मोर, तित्तिर, बगळे तेच काम करतात. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बोर, बाभूळ, कडुनिंबावर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात मारा. झाड मात्र तोडू नका.

मोराची तक्रार खरी आहे

मोराचे नाव निघाले की सभेत आवाज चढतो. "साहेब, राष्ट्रीय पक्षी तुमचा, भुईमूग आमचा." हे बोलणे मी कधी खोडले नाही. पेरलेला भुईमूग, हरभरा उकरून खातो, मिरचीची रोपे, टोमॅटो टोचतो. १९६३ साली त्याला राष्ट्रीय पक्षी केले तेव्हा शेतकऱ्याला विचारले नव्हते. आपल्या जिल्ह्यात तर नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेले. त्याच्या आसपासच्या गावांना हे नवे नाही. पुण्याकडे शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली म्हणून गाव आहे. तिथे लोकांनी चिंचेच्या झाडांवरचे मोर राखले आणि आता पाहुणे मोर बघायला येतात, जेवून जातात. पण प्रत्येक गावाला चिंचोली होता येत नाही, तेही कबूल.

पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, एवढी राखण केली तर बरेचसे नुकसान टळते. बी उथळ पडू देऊ नका. चमकी पट्ट्या बांधा, पण चार दिवसांनी जागा बदला, मोर मूर्ख नाही.

मात्र जे सांगायचे आहे ते विषाबद्दल. बीजप्रक्रिया करा, मी स्वतः गावोगाव तेच सांगत फिरतो. पण पाभर किंवा पेरणी यंत्र शेताच्या टोकाला वळवताना तिथे मूठभर दाणे उघडे पडतात. लाल-गुलाबी औषध लावलेले दाणे. त्यावर माती ओढायला दोन मिनिटे लागतात. कुणी ओढत नाही. मोर आणि तित्तिर आधी शेताच्या टोकालाच उतरतात. उरलेले प्रक्रिया केलेले बी उकिरड्यावर फेकतात, ते तर स्वतःच्याच कोंबड्या खातात. मग पोल्ट्रीत रोग आला म्हणून डॉक्टरला फोन. उरलेले बी खड्डा करून पुरा. उंदरासाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष करता ते बिळाच्या आत घालून बीळ लिंपा, बांधावर कागदावर ठेवू नका. फोरेट २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे. कुणाच्या घरात माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका आणि ओढ्यातही फेकू नका. जाणूनबुजून दाण्यात विष कालवणारे थोडे असतात, त्यांच्यासाठी हे पान नाही, त्यांच्यासाठी कायदा आहे.

अंडी कोंबडीखाली का नको

आबांच्या प्रश्नाकडे परत येतो. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, तित्तिराचे त्याच्या दोन-तीन दिवस आधी, मोराचे अठ्ठावीस दिवसांनी. खुडूक कोंबडी रवणावर बसली की तिला हिशोब कळत नाही, ती अंड्याची जात बघत नाही. मोराची अंडी गावठी कोंबडीने उबवलेली पुष्कळांनी पाहिली आहेत. इथवर ठीक. पुढे काय होते ते कुणी सांगत नाही.

तित्तिराचे पिल्लू अंगठ्याएवढे. कोंबडीच्या पायाखाली सापडून मरते. नाही मेले तर त्याला किडे हवेत, तुम्ही तांदळाच्या कण्या टाकता. मोराच्या पिल्लाचे त्याहून वाईट. कोंबडीच्या पोटात जंत असतात, त्या जंतांच्या अंड्यांतून 'ब्लॅकहेड' नावाचा रोग पसरतो. कोंबडीला त्याने फारसे काही होत नाही. मोर आणि टर्की यांच्या पिल्लांचे मात्र यकृत खराब होऊन ती काही आठवड्यांत मरतात. कोंबडीच्या उकिरड्यावर टर्की वाढवू नका असे पशुवैद्यक सांगतात ते यासाठीच. नाते जवळचे म्हणून रोगही जवळचा.

उलट बाजूही आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत. खुराड्यात मर लागली की लोक मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकतात. कुत्री ओढतात, कावळे नेतात, त्याच ओढ्यावर तित्तिर आणि मोर पाण्याला येतात. त्यांनाही हा रोग लागू शकतो. त्यांना लस टोचायला कोण जाणार? गावठी कोंबड्यांना पिल्लू आठवड्याचे असताना लासोटा लशीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस, एवढे दवाखान्यातून विचारून करून घ्या. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २०२१ च्या जानेवारीत तो आपल्या शेजारी परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला होता. तेव्हा कितीतरी घरच्या कोंबड्या पुराव्या लागल्या. रानात पक्षी मरून पडलेले दिसले तर हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनखात्याला कळवा. वनखात्याचा फोन १९२६.

ग्रामपंचायतीने काय करावे

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ साली सुधारला आणि १ एप्रिल २०२३ पासून नवा मजकूर लागू झाला. शिकार या शब्दात फास लावणे, जाळे टाकणे येतेच, पण अंडी उचलणे, घरटे मोडणे हेही येते. तित्तिर, लावा, रानकोंबडा, मोर सगळे संरक्षित. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. आपोआप गळालेले मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही. पावसाळा संपता संपता ती आपोआप गळतात, मोर मारायची गरज नसते.

पोलीस पाटलांना एक विनंती. फास लावणारा सापडला की सगळे खापर पारध्याच्या पालावर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांच्यावर अजून तोच शिक्का. मी ज्या फासक्या पाहिल्या त्यातल्या बऱ्याच मोटारसायकलवर येणाऱ्या शौकीन पोरांच्या होत्या, गाभण मादीही न सोडणाऱ्या. उलट पाखराचे ज्ञान मला एका म्हाताऱ्या पारध्याकडून मिळाले. तित्तिर रात्री कुठल्या काटेरी झाडावर बसतो, विणीत मादीला का धरू नये, हे त्याने सांगितले तेवढे पदविकेच्या पुस्तकात नव्हते.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात आहे. त्यात गायरान, ओढ्याची काठे, तित्तिर-लाव्याची ठिकाणे, मोराचे बसण्याचे वड-चिंच यांची नावानिशी नोंद करा. पुढे गायरानावर चर खोदायचे किंवा मुरूम उचलायचा प्रस्ताव आला तर त्या नोंदीचा उपयोग होतो. बांध जाळू नये असा ठराव ग्रामसभेने एप्रिलच्या आधी केला तर त्याला अर्थ. मे महिन्यात ठराव करून राखेचे काय करणार?

आबांनी त्या दिवशी बांध पेटवला नाही. निदान तेवढा तुकडा तरी सोडला. घायपातापासून दोन्ही अंगाला वीस-वीस पावले सोडून बाकीचे गवत त्यांनी विळ्याने कापले, माझ्यासमोर, थोडे कुरकुरत. "एवढ्यासाठी दोन रोजंदाऱ्या गेल्या बघा," म्हणाले. मी म्हणालो, चहा माझ्याकडून. मृगाच्या आधी बियाण्याच्या कामाने पुन्हा तिकडे गेलो. आबा शेतात नव्हते. मी एकटाच बांधावर गेलो. खळग्यात पाच कवचे होती, एका टोकाला गोल झाकण उघडल्यासारखी फुटलेली. दोन अंडी तशीच होती, गार. ओढ्याच्या अंगाला बाभळीच्या आडून तित्तिर ओरडत होता.